अमेरिकेत व्हेट टेक आणि पुढे विशेषज्ञ व्हायचे असेल तर : नवख्यांसाठी मार्गदर्शक

अमेरिकेतील पशुवैद्यकीय दवाखान्यात भूल दिलेल्या कुत्र्याच्या श्वासावर आणि रक्तदाबावर नजर ठेवणारी, रक्ताचे नमुने काढून तपासणी यंत्रात लावणारी, एक्स-रे काढणारी, दातांवरचे कीटण साफ करणारी आणि घरी द्यायची औषधे मालकाला समजावून सांगणारी व्यक्ती बहुतेक वेळा डॉक्टर नसते. ती व्हेटरिनरी टेक्निशियन, म्हणजे तिथल्या रोजच्या बोलण्यातली व्हेट टेक असते. न्यू जर्सी, टेक्सास, कॅलिफोर्निया अशा ठिकाणी स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांतील अनेकांना प्राण्यांची आवड असते, परंतु आठ वर्षांचे पशुवैद्यकीय शिक्षण घेण्याइतका वेळ आणि पैसा नसतो. अशांसाठी हा व्यवसाय विचारात घेण्याजोगा आहे आणि त्यात पुढे भूलशास्त्र, अतिदक्षता, दंतोपचार अशा शाखांत रीतसर विशेषज्ञ होण्याची सोयही आहे.

भारतातल्या नातेवाइकांना हे सांगितले की ‘म्हणजे कंपाउंडरच ना?’ हा प्रश्न हमखास येतो. त्याचे उत्तर असे की निदान करणे, आजाराचे भवितव्य सांगणे, औषध लिहून देणे आणि शस्त्रक्रिया करणे या चार गोष्टी फक्त पशुवैद्यकाने करायच्या असतात. त्या वगळून उरलेले शुश्रूषेचे व तांत्रिक काम पशुवैद्यकाच्या आदेशावरून टेक्निशियन करू शकतो. त्यातली कोणती कामे कोणाच्या किती जवळच्या देखरेखीखाली करायची, हे प्रत्येक राज्य स्वतंत्रपणे ठरवते. आपल्याकडे भारतीय पशुवैद्यक परिषद अधिनियम, १९८४ च्या कलम ३० नुसार पदविका किंवा प्रमाणपत्र असलेल्यांना नोंदणीकृत पशुवैद्यकाच्या देखरेखीखाली किरकोळ पशुवैद्यकीय सेवा देण्याची परवानगी राज्य सरकार देऊ शकते. तथापि, एका राष्ट्रीय परीक्षेपासून सुरू होऊन शाखानिहाय विशेषज्ञतेपर्यंत जाणारी अमेरिकेतील शिडी ही वेगळी व्यवस्था आहे आणि ती तिथल्या नियमांनीच समजून घ्यावी लागते.

या शिडीविषयी एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो. विशेषज्ञतेचा अर्ज करायचे ठरल्यावर तयारीला लागणाऱ्यांची दमछाक होते, कारण तो अर्ज म्हणजे मागच्या काही वर्षांच्या कामाचा लेखी पुरावा असतो आणि जे लिहून ठेवलेले नाही ते अर्जापुरते घडलेलेच नसते. म्हणून पुढील प्रत्येक टप्प्यावर काय करावे याबरोबर काय नोंदवून ठेवावे हेही दिले आहे.

महाविद्यालय निवडताना

सर्वप्रथम पाहायची गोष्ट म्हणजे मान्यता. अमेरिकन व्हेटरिनरी मेडिकल असोसिएशन, म्हणजे एव्हीएमए, या संघटनेची एक समिती टेक्निशियन अभ्यासक्रमांना मान्यता देते आणि मान्यताप्राप्त अभ्यासक्रमांची यादी संघटनेच्या संकेतस्थळावर सर्वांसाठी खुली असते. न्यूयॉर्क राज्यातील डेल्ही या गावी १९६१ मध्ये असा पहिला महाविद्यालयीन अभ्यासक्रम सुरू झाला. आज देशभर दोनशेहून अधिक मान्यताप्राप्त अभ्यासक्रम आहेत. बहुतेक अभ्यासक्रम दोन वर्षांच्या असोसिएट पदवीचे आहेत, काही चार वर्षांचे आहेत. ‘व्हेटरिनरी असिस्टंट’ या नावाने काही महिन्यांत मिळणारी प्रमाणपत्रे वेगळी असतात आणि त्यांच्या आधारे टेक्निशियनचा परवाना मिळत नाही. जाहिरातीत दोन्ही नावे शेजारीशेजारी छापलेली असतात, त्यामुळे शुल्क भरण्यापूर्वी यादीत महाविद्यालयाचे आणि त्या अभ्यासक्रमाचे नाव स्वतः शोधावे.

नोकरी किंवा घर सांभाळून शिकणाऱ्यांसाठी पर्ड्यू विद्यापीठ, सॅन वॉन कॉलेज, पेन फॉस्टर अशा संस्थांचे मान्यताप्राप्त दूरस्थ अभ्यासक्रम आहेत. दूरस्थ म्हणजे घरबसल्या सगळे आटोपणारे, असा समज मात्र करून घेऊ नये. शिरेत सुई घालणे, मूत्रनमुना तपासणे, भूल देताना देखरेख करणे, घोड्यागाईंना हाताळणे अशा कौशल्यांची सक्तीची यादी असते, ती एखाद्या दवाखान्यात प्रत्यक्ष करून दाखवावी लागते आणि त्याचे चित्रीकरण किंवा देखरेख करणाऱ्याची स्वाक्षरी संस्थेला पाठवावी लागते. म्हणून प्रवेशाआधी दवाखाना शोधावा. गावातल्या दोनचार दवाखान्यांत स्वतः जाऊन, आपण शिकत आहोत आणि कोणत्या कौशल्यांसाठी जागा हवी आहे, हे कागदावर लिहून दाखवल्यास होकार मिळण्याची शक्यता वाढते.

व्हिसावर असलेल्यांनी येथे विशेष सावध राहावे. एच-४, म्हणजे नोकरीच्या व्हिसावर आलेल्यांच्या कुटुंबीयांना मिळणाऱ्या, व्हिसावर शिक्षण घेता येते, परंतु रोजगाराच्या स्वतंत्र परवानगीशिवाय नोकरी करता येत नाही, आणि ती परवानगी सर्वच एच-४ धारकांना मिळत नाही. प्रशिक्षणातले विनावेतन काम म्हणजे आपोआप चालणारे काम, असेही गृहीत धरू नये. महाविद्यालयाच्या परदेशी विद्यार्थी कार्यालयाकडून आणि गरज पडल्यास वकिलाकडून लेखी उत्तर घ्यावे.

प्रवेशानंतर बहुतेक ठिकाणी रेबीजची प्रतिबंधक लस आधी टोचून घेण्यास सांगितले जाते आणि एक्स-रे विभागात काम करणाऱ्याच्या अंगावर किरणोत्सर्ग मोजणारा बिल्ला असतो. दोन्हींचे कागद जपून ठेवावेत, कारण पुढच्या नोकरीत ते पुन्हा मागितले जातात.

बीव्हीएससी झालेल्यांसाठी

परळच्या १८८६ पासून चालत आलेल्या पशुवैद्यकीय महाविद्यालयातून, नागपूरहून, परभणीहून किंवा शिरवळहून पदवी घेऊन अमेरिकेत आलेले पशुवैद्यक या वाटेविषयी वारंवार विचारतात. त्यांना डॉक्टर म्हणून काम करायचे असल्यास त्यांचा मार्ग निराळा आहे: परदेशी पदवी अमेरिकी पदवीच्या तोडीची आहे का हे तपासणारा एव्हीएमएचा ईसीएफव्हीजी कार्यक्रम किंवा त्याच कामाचा राज्य मंडळांच्या संघटनेचा पेव्ह कार्यक्रम, आणि नेव्हली ही पशुवैद्यकांची परवाना परीक्षा. तो मार्ग पूर्ण होईपर्यंत अनेकजण दवाखान्यात असिस्टंट म्हणून काम करतात. भारतीय पशुवैद्यकीय पदवीच्या आधारे टेक्निशियनचा परवाना मिळतो का, याचे उत्तर राज्यागणिक बदलते, म्हणून ज्या राज्यात राहायचे तिथल्या मंडळाला लेखी विचारल्याखेरीज एक डॉलरही खर्च करू नये. डॉक्टर व्हायचेच आहे अशांनी टेक्निशियनच्या विशेषज्ञतेच्या मागे लागू नये, असे माझे मत आहे. त्या विशेषज्ञतेत मोजले जाणारे तास टेक्निशियनचा परवाना मिळाल्यानंतरचेच असतात आणि डॉक्टरकीच्या परवान्यासाठी त्यांचा उपयोग होत नाही.

राष्ट्रीय परीक्षा

मान्यताप्राप्त अभ्यासक्रमानंतर व्हेटरिनरी टेक्निशियन नॅशनल एक्झामिनेशन, म्हणजे व्हीटीएनई, द्यावी लागते. ही परीक्षा अमेरिका व कॅनडातील राज्य आणि प्रांत मंडळांची संघटना, एएव्हीएसबी, घेते. वर्षातून तीन ठरावीक कालखंडांत ती देता येते: मार्च-एप्रिल, जुलै-ऑगस्ट आणि नोव्हेंबर-डिसेंबर. तीन तासांत १७० बहुपर्यायी प्रश्न सोडवायचे असतात, त्यांपैकी १५० गुणांसाठी धरले जातात आणि उरलेले २० पुढील परीक्षांसाठी चाचणीदाखल असतात. मात्र कोणते कोणत्या प्रकारचे, हे परीक्षार्थीला कळत नाही. निकाल २०० ते ८०० या मापावर येतो आणि ४२५ ला उत्तीर्ण धरतात. औषधशास्त्र, शस्त्रक्रियेतील शुश्रूषा, दंतोपचार, प्रयोगशाळा, प्राण्यांची सर्वसाधारण काळजी, प्रतिमांकन (एक्स-रे वगैरे), भूल, आपत्कालीन उपचार आणि वेदनाशमन असे विषय असतात.

भारतात शिकलेल्यांचे पाठांतर चांगले असते; अडते ते मोजमापांत. अमेरिकेतल्या मालकाला कुत्र्याचे वजन पौंडांत ठाऊक असते आणि औषधाची मात्रा मात्र किलोवर काढायची असते. समजा, ४४ पौंडांचा कुत्रा आहे. २.२ ने भागल्यावर २० किलो मिळतात. दिवसाला किलोमागे ६० मिलिलिटर या हिशेबाने सलाइन द्यायचे असेल तर ते दिवसाला १,२०० आणि तासाला ५० मिलिलिटर होते. नळीत एका मिलिलिटरचे १५ थेंब पडत असतील तर तासाला ७५० आणि मिनिटाला साडेबारा थेंब, म्हणजे घड्याळ धरून १५ सेकंदांत साधारण ३ थेंब. पौंडाला किलो समजून कोणी गणित केले तर त्या कुत्र्याला दुपटीहून अधिक मात्रा जाते. हे गणित कागदाशिवाय, फोन वाजत असताना जमेपर्यंत सराव करावा. परीक्षेत त्याचे गुण मिळतात आणि दवाखान्यात त्याच्यावर जीव अवलंबून असतो.

परवाना आणि नावापुढची अक्षरे

परीक्षा राष्ट्रीय असली तरी परवाना राज्याचा असतो. कॅलिफोर्नियात त्याला आरव्हीटी (रजिस्टर्ड, म्हणजे नोंदणीकृत, टेक्निशियन), न्यूयॉर्क व टेक्सासमध्ये एलव्हीटी (लायसन्स्ड), पेनसिल्व्हेनियात सीव्हीटी (सर्टिफाइड) म्हणतात. टेनेसीत तर एलव्हीएमटी अशी चार अक्षरे आहेत. काही राज्ये स्वतःच्या कायद्यावर वेगळी छोटी परीक्षा घेतात. कॅलिफोर्नियात महाविद्यालयीन पदवीऐवजी किमान २४ महिन्यांत केलेले ४,४१६ तासांचे प्रत्यक्ष काम आणि २० सत्र-श्रेयांकांचा किंवा ३०० तासांचा अभ्यास दाखवूनही राष्ट्रीय परीक्षेला बसता येते. परंतु या पर्यायी मार्गाने मिळालेला परवाना दुसऱ्या राज्यात चालेलच असे नाही, आणि मराठी कुटुंबे नोकरीनिमित्त राज्ये बदलतात, हे लक्षात घेऊन पदवीचाच मार्ग धरावा असे मी सुचवीन.

पहिली नोकरी

परवाना मिळाल्यावर ज्या दिवशी काम सुरू होते, त्या दिवसापासून विशेषज्ञतेचे तास मोजायला सुरुवात होते. म्हणून पहिली किंवा निदान दुसरी नोकरी निवडताना पगाराबरोबर आणखी काही गोष्टी पाहाव्यात. तिथे परवानाधारक टेक्निशियनला खरोखर टेक्निशियनचे काम देतात, की प्राणी धरून ठेवण्यात आणि पिंजरे धुण्यात दिवस जातो? भुलीच्या वेळी रक्तदाब, रक्तातील ऑक्सिजन आणि श्वासातील कार्बन डायऑक्साइड मोजणारी यंत्रे आहेत का, आणि त्यांच्या नोंदी दर पाच मिनिटांनी होतात का? दवाखान्यात एखादा विशेषज्ञ पशुवैद्यक किंवा विशेषज्ञ टेक्निशियन आहे का? मुलाखतीच्या दिवशी भुलीचा एखादा कोरा नोंदतक्ता पाहायला मागावा. ज्या दवाखान्यात तो लगेच सापडत नाही, तिथे आपल्या नोंदी चांगल्या राहणार नाहीत, हे समजून घ्यावे.

याच दिवसापासून स्वतःची एक वही किंवा संगणकावरचा तक्ता ठेवावा. रोजचे तास, विभाग, केलेली कौशल्ये आणि लक्षात राहण्याजोगे रुग्ण यांची नोंद करावी. त्यात मालकाचे नाव, पत्ता किंवा फोन लिहू नये. दवाखान्याचा केस क्रमांक पुरतो. दवाखान्याच्या नोंदींच्या प्रती घरी नेता येतात का, हे व्यवस्थापकाला विचारून ठेवावे. नोकरी सोडल्यावर जुन्या नोंदी पाहायला मिळणे अवघड होते आणि तेव्हा अर्जाची अर्धी सामग्री मागे राहून जाते.

निरंतर शिक्षण

परवाना टिकवण्यासाठी ठरावीक काळात ठरावीक तासांचे निरंतर शिक्षण घ्यावे लागते. तिथे त्याला सगळे सीई म्हणतात. कॅलिफोर्नियात दोन वर्षांत २० तास, न्यूयॉर्कमध्ये तीन वर्षांत २४ तास, असे राज्यागणिक आकडे आहेत. एएव्हीएसबीची ‘रेस’ ही मान्यता असलेले व्याख्यान बहुतेक राज्ये ग्राह्य धरतात. जानेवारीत ऑरलँडोत भरणारी व्हीएमएक्स, लास व्हेगासची डब्ल्यूव्हीसी आणि आपत्कालीन उपचारांवरची आयव्हेक्स या मोठ्या परिषदा आहेत. त्यांतील टेक्निशियनांसाठीची सत्रे खरोखर उपयुक्त असतात आणि अनेक दवाखाने वर्षाला काही रक्कम त्यासाठी देतात. ती रक्कम नियुक्तिपत्रात लिहून घ्यावी.

तासांची भरती करण्यासाठी रात्री अकरा वाजता कुठलेही मोफत व्याख्यान लावून ठेवणारे पुष्कळ असतात. परवान्यापुरते ते चालते, विशेषज्ञतेला चालत नाही, कारण तिथे त्या शाखेतलेच तास मोजतात आणि काही अकादम्या, म्हणजे त्या त्या शाखेची विशेषज्ञता देणाऱ्या संस्था, व्याख्यात्याची पात्रताही पाहतात. म्हणून प्रत्येक प्रमाणपत्राबरोबर व्याख्यानाचा विषय, व्याख्यात्याचे नाव व पदवी, दिनांक आणि तास हे तक्त्यात लगेच लिहावे.

या दरम्यान काही छोटी प्रमाणपत्रे घेण्यासारखी आहेत. प्राण्यांमधील सीपीआरसाठी ‘रिकव्हर’ या उपक्रमाची मार्गदर्शक तत्त्वे २०१२ मध्ये आली आणि २०२४ मध्ये सुधारली गेली. त्यांच्यावर आधारित प्रशिक्षण आपत्कालीन दवाखान्यात जाणाऱ्याने घ्यावेच. भेदरलेल्या प्राण्याला कमी त्रास देऊन हाताळण्याचे ‘फिअर फ्री’ प्रमाणपत्र रोजच्या कामात लगेच उपयोगी पडते. श्वान-पुनर्वसन आणि वेदनाशमन यांतही प्रमाणपत्रे आहेत. संशोधन संस्थांतील प्राण्यांबरोबर काम करायचे असेल तर आलास या संघटनेची तीन पातळ्यांची प्रमाणपत्रे वेगळी आहेत. ही सगळी चांगली असली तरी विशेषज्ञतेच्या पदवीशी त्यांची गल्लत करू नये.

विशेषज्ञता म्हणजे काय

टेक्निशियनांची राष्ट्रीय संघटना, नाव्हटा, १९८१ मध्ये स्थापन झाली. तिने १९९४ मध्ये विशेषज्ञतेला मान्यता देणारी समिती नेमली आणि १९९६ मध्ये आपत्कालीन व अतिदक्षता शाखेची अकादमी पहिली म्हणून मान्य झाली. भूल व वेदनाशमनाची अकादमी १९९९ मध्ये आली. आज दंतोपचार, अंतर्गत वैद्यक, वर्तन, शस्त्रक्रिया, पोषण, त्वचारोग, नेत्ररोग, प्रयोगशाळा निदान, प्राणिसंग्रहालयातील प्राणी, घोडे अशा डझनाहून अधिक अकादम्या आहेत. अंतर्गत वैद्यकात हृदयरोग, कर्करोग, मेंदूविकार असे पोटविभाग आहेत. अकादमीची परीक्षा उत्तीर्ण झालेल्याला नावापुढे परवान्याची अक्षरे, मग व्हीटीएस (व्हेटरिनरी टेक्निशियन स्पेशलिस्ट) आणि शाखेचे नाव लावता येते. अर्ज मंजूर झाला पण परीक्षा बाकी आहे, अशाला ती अक्षरे लावता येत नाहीत.

साध्या, सर्व प्रकारचे रुग्ण येणाऱ्या दवाखान्यात काम करणाऱ्यांना ही दारे बंद आहेत असे समजू नये. ‘क्लिनिकल प्रॅक्टिस’ ही अकादमी त्यांच्यासाठीच आहे. मात्र तिथे सुमारे पाच वर्षांचा, म्हणजे १०,००० तासांचा अनुभव मागतात. इतर शाखांत साधारण तीन वर्षांचा अनुभव आणि त्यातला बहुतांश काळ त्याच शाखेत घालवलेला असावा लागतो. त्याखेरीज त्या शाखेतील साधारण ४० तासांचे शिक्षण, पन्नासच्या आसपास रुग्णांची नोंदवही, चारेक सविस्तर केस रिपोर्ट, स्वाक्षऱ्यांसह कौशल्यांची यादी आणि शिफारसपत्रे हा सर्वसाधारण ऐवज आहे. प्रत्येक अकादमीचे आकडे वेगळे असतात आणि ते बदलतात, म्हणून ज्या वर्षी अर्ज करायचा त्या वर्षीचेच अर्जपुस्तक उतरवून घ्यावे आणि ते छापून त्यावर खुणा कराव्यात. अर्जपुस्तकात अक्षराचा आकार किंवा पानांची मर्यादा दिली असेल तर तीही पाळावी. उत्तम काम केलेल्यांचे अर्जही अशा कारणांनी बाद होतात.

शाखा निवडताना आवडीइतकाच दवाखान्यातील रुग्णांचा विचार करावा. वर्षभरात पन्नास वेगवेगळे, त्यांतले बरेच अवघड, रुग्ण मिळणार नसतील तर आवड असूनही अर्ज भरत नाही. वर्तनशास्त्रासाठी त्या विषयाचा विशेषज्ञ पशुवैद्यक गाठावा लागतो, प्राणिसंग्रहालयाची शाखा प्राणिसंग्रहालयात नोकरी असल्याशिवाय जवळपास अशक्य आहे. भूल मात्र जवळजवळ प्रत्येक दवाखान्यात रोज दिली जाते. म्हणून पुढचा नमुना त्या शाखेतला घेतो.

नोंदवही आणि केस रिपोर्ट

या टप्प्यावर सर्वाधिक वेळ जातो आणि सर्वाधिक लोक इथेच गळतात. नोंदवहीतले रुग्ण बहुधा अर्जाआधीच्या ठरावीक वर्षातले असावे लागतात. एका रुग्णाची नोंद चारपाच ओळींची असते, आणि त्या चार ओळींत परीक्षकाला तुमची समज दिसली पाहिजे. ‘मांजर, दात काढले, आयसोफ्लुरेन (श्वासातून द्यायची भूल), सर्व ठीक’ अशी नोंद निरुपयोगी आहे. तीच नोंद अशी लिहिता येईल (उदाहरण काल्पनिक आहे): मांजर, ११ वर्षे, ४ किलो, मूत्रपिंडाचा जुना आजार, एएसए श्रेणी (भुलीच्या धोक्याची पायरी) ३, तीन दात काढणे, भुलीचा काळ १०५ मिनिटे, जबड्यात स्थानिक भूल, सरासरी दाबही दाखवणारे रक्तदाबयंत्र, कॅप्नोग्राफ (श्वासातील कार्बन डायऑक्साइड मोजणारे यंत्र), ईसीजी, अन्ननलिकेतील तापमापक, ४० व्या मिनिटाला रक्तदाब घसरला, भुलीचे प्रमाण कमी करून व डॉक्टरांच्या आदेशाने द्रव देऊन सुधारला, गरम हवेच्या पांघरुणाने तापमान राखले. यात रुग्ण कोण, धोका कोणता, तुम्ही काय वापरले आणि काय बिघडले, हे सगळे आले.

पन्नास नोंदींत पन्नास निरोगी कुत्र्यांच्या नसबंद्या असू नयेत. वेगवेगळ्या जाती, वयोगट, आजार आणि एएसए श्रेणी यांचा मेळ हवा आणि अर्जपुस्तकातील कौशल्ययादीतले शक्य तितके कौशल्य कुठेना कुठे दिसायला हवे. दर महिन्याच्या अखेरीस नोंदवही आणि कौशल्ययादी शेजारी ठेवून काय राहिले ते पाहिले, तर अर्जाच्या तोंडावर ‘एकही ससा नाही’ असे लक्षात येऊन धावपळ होत नाही.

केस रिपोर्टची गोष्ट वेगळी आहे. त्यात वरच्याच मांजरीविषयी काही पाने लिहायची असतात आणि प्रत्येक कृतीचे कारण द्यायचे असते. सरासरी रक्तदाब ५४ वर आला, एवढे लिहून भागत नाही. तो ६० च्या खाली राहिला तर मूत्रपिंडाला होणारा रक्तपुरवठा धोक्यात येतो, आणि या मांजरीची मूत्रपिंडे आधीच दुबळी होती. आयसोफ्लुरेनने रक्तवाहिन्या सैल होतात, म्हणून प्रथम भुलीची खोली तपासून व्हेपोरायझर, म्हणजे भुलीच्या वायूचे प्रमाण ठरवणारे उपकरण, २ वरून १.५ टक्क्यांवर आणला. स्थानिक भूल आधीच दिलेली असल्यामुळे असे करूनही मांजर जागी होण्याची भीती नव्हती. मग डॉक्टरांना सांगितले आणि त्यांच्या आदेशाने किलोमागे ५ मिलिलिटर, म्हणजे २० मिलिलिटर द्रव सावकाश दिला. दहा मिनिटांनी दाब ६८ झाला. श्वासातील कार्बन डायऑक्साइड या काळात ३५ ते ४५ च्या दरम्यान होता, त्यामुळे श्वासाचा प्रश्न नव्हता, हेही लिहावे, कारण काय तपासून बाजूला सारले हे परीक्षकाला पाहायचे असते.

मराठी माध्यमातून शिकलेल्यांना येथे एक सवय आड येते. आपण शालेय प्रयोगवहीत ‘द्रावण घेतले, तापवले’ असे कर्ता गाळून लिहायला शिकलो. या रिपोर्टमध्ये मात्र ‘मी पाहिले, मी सुचवले, डॉक्टरांनी आदेश दिला, मी दिले’ असा कर्ता प्रत्येक वाक्यात स्पष्ट असावा लागतो. परीक्षक तुमचे कौशल्य आणि डॉक्टरांचा निर्णय यांतली सीमारेषा शोधत असतो. ती पुसट असेल तर एक तर तुम्ही काही केले नाही असे वाटते, नाही तर कायद्याबाहेरचे केले असे वाटते. औषधांची जातिवाचक (कंपनीने दिलेली नव्हेत, मूळ औषधाची) नावे, मात्रा मिलिग्रॅममध्ये, मार्ग आणि वेळ हे सगळीकडे एकाच पद्धतीने लिहावे. मसुदा झाल्यावर तो शाखेतल्या कोणा विशेषज्ञाकडून आणि शाखेबाहेरच्या एखाद्या डॉक्टरकडून वाचून घ्यावा. दुसऱ्याला जिथे ‘का?’ असा प्रश्न पडतो तिथे एक वाक्य कमी आहे.

गुंतागुंत झालेला रुग्ण रिपोर्टसाठी घ्यावा की नाही, असा प्रश्न नवख्यांना पडतो. घ्यावा. सुरळीत पार पडलेल्या भुलीत दाखवण्याजोगा विचार कमी असतो. रुग्ण दगावला म्हणून रिपोर्ट बाद होत नाही, तुमचा तर्क चुकला किंवा लपवला गेला तर होतो.

शिफारसपत्रासाठी त्याच शाखेतील विशेषज्ञ टेक्निशियन किंवा विशेषज्ञ पशुवैद्यक लागतो. त्यांना अंतिम तारखेच्या आदल्या आठवड्यात नव्हे, वर्षाच्या आरंभी विचारावे आणि नोंदवही अधूनमधून दाखवत राहावे. दवाखान्यात असे कोणी नसेल तर अकादम्यांच्या संकेतस्थळांवर मार्गदर्शक शोधण्याची सोय बहुधा असते.

पैसा आणि प्रकृती

अमेरिकी श्रम सांख्यिकी कार्यालयाच्या २०२३ च्या आकडेवारीनुसार टेक्निशियनचे मध्यम वार्षिक वेतन सुमारे ४३,७०० डॉलर होते. मोठ्या शहरात एवढ्यावर एकट्याने घर चालवणे कठीण आहे, हे निर्णय घेण्यापूर्वीच घरात बोलून घ्यावे. विशेषज्ञ झाल्याने कायद्याने करता येणारी कामे बहुतेक राज्यांत वाढत नाहीत आणि पगारही आपोआप वाढत नाही. तो वाढवून मागावा लागतो. मागताना नावापुढच्या अक्षरांपेक्षा दवाखान्याला काय मिळाले ते मांडावे: तुम्ही बसवलेली भुलीची पद्धत, शिकवलेले सहकारी, तुमच्यामुळे दवाखाना घेऊ लागलेले अवघड रुग्ण. विशेषज्ञांना खरी मागणी इतर दवाखाने जिथे अवघड रुग्ण पाठवतात अशा मोठ्या रुग्णालयांत, विद्यापीठांत, अध्यापनात आणि औषध व उपकरण कंपन्यांत असते.

कामाचा शरीरावरचा भारही खरा आहे. ८० पौंडांचा कुत्रा उचलताना दुसऱ्याची मदत मागणे ही कमजोरी नव्हे. मनावरचा भार त्याहून वेगळा असतो: दयामरणाची सुई देण्याच्या वेळी प्राण्याचा पाय हातात धरून टेक्निशियन उभा असतो, आणि असे काही दिवशी एकापेक्षा अधिक वेळा घडते. गाईगुरांविषयी किंवा जीवहत्येविषयी घरातून आलेली श्रद्धा असणाऱ्यांनी महाविद्यालयात पैसे भरण्याआधी एखाद्या दवाखान्यात काही दिवस उभे राहून हे पाहून घ्यावे.

निकालानंतर

अर्जाची छाननी होऊन परीक्षेला परवानगी मिळण्यास काही महिने लागतात. अर्ज नाकारला गेला तर कारणे मागवावीत आणि ती तक्त्यात लिहावीत. नोंदवहीतले रुग्ण पुढच्या वर्षी जुने ठरू शकतात, परंतु शिक्षणाचे तास, अनुभव आणि पुष्कळदा सुधारलेले रिपोर्ट उपयोगी पडतात. म्हणून निकालाची वाट पाहण्याच्या काळातही नव्या रुग्णांच्या नोंदी थांबवू नयेत. उत्तीर्ण झाल्यावर विशेषज्ञता कायमची मिळत नाही. अकादमीच्या नियमाप्रमाणे ठरावीक वर्षांनी, पुष्कळ ठिकाणी पाच वर्षांनी, पुन्हा प्रमाणन करावे लागते आणि त्यासाठी व्याख्याने देणे, लेख लिहिणे, इतरांना मार्गदर्शन करणे किंवा त्या शाखेतील शिक्षणाचे तास असे गुण जमवावे लागतात. राज्याच्या परवान्याची मुदत आणि या पुनर्प्रमाणनाची मुदत वेगवेगळ्या तारखांना संपते. दोन्ही तारखा एकाच दिनदर्शिकेत, सहा महिने आधीच्या सूचनेसह घालून ठेवाव्यात. राज्याचा परवाना चुकून खंडित झाला तर विशेषज्ञतेची अक्षरेही लावता येत नाहीत.